मदत हवी आहे: फँटसी बेसबॉलमध्ये ‘स्टार’ खेळाडूचं मोल कसं ठरवायचं? (१२ संघ, माझा पाचवा नंबर)

फिलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ऑफिसच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करायचे आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मोजायचे) यंदा एक जागा रिकामी झाली आणि सगळ्यांनी मिळून मला घोड्यावर बसवलं. आयपीएलच्या लिलावात कोण किती कोटींना गेला यावर रात्र-रात्र वाद घातलेले असल्यामुळे मीही लगेच हो म्हणालो. ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडणं, मार्चमध्ये आहे.

लीगची माहिती: १२ संघ, रोटिसरी पद्धत (प्रत्येक रकान्यात संघांचा क्रम लागतो आणि त्या जागेप्रमाणे गुण मिळतात), पाच बाय पाच. म्हणजे बॅटिंगचे पाच रकाने (रन, होमरन, आरबीआय म्हणजे आपल्या बॅटिंगवर आलेले रन, स्टोलन बेस म्हणजे पळून चोरलेला बेस किंवा ‘स्टील’, सरासरी म्हणजे हिट्स भागिले बॅटिंगच्या पाळ्या) आणि पिचिंगचे पाच (विजय, सेव्ह म्हणजे थोडी आघाडी टिकवून सामना संपवणं, स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या माथी लागलेले रन, व्हिप म्हणजे इनिंगमागे बेसवर जाऊ दिलेले बॅटर). प्रत्येक संघात १३ बॅटर, ९ पिचर, कॅचर एकच. स्नेक ड्राफ्ट आहे (दर फेरीत निवडीचा क्रम उलटतो) आणि चिठ्ठीत माझा पाचवा नंबर आला. म्हणजे पाचवा खेळाडू माझा, मग थेट विसावा, मग एकोणतिसावा.

ओहतानी आणि जज माझ्यापर्यंत येणार नाहीत हे मला कळतं. बॉबी विट आणि सोटोही बहुधा उचलले जातील. त्यानंतर माझ्या डोळ्यासमोर ही नावं आहेत: होसे रामिरेझ, एली डे ला क्रूझ, तारिक स्कूबल (पिचर), कॅल रॅली (कॅचर). आणि खरं सांगायचं तर काइल श्वार्बर. फिलाडेल्फियात राहतो, २०२५ मध्ये त्याने ५६ होमरन आणि १३२ आरबीआय केलेले डोळ्यांनी पाहिलेत, शिवाय इथल्या फिलीज संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा नवा करारही केलाय. तो पहिल्या पाचात का नसावा, हे मला कुणी नीट सांगत नाही. ऑफिसात विचारलं की नुसते हसतात.

प्रत्येक साइटची यादी वेगळी. मला यादी नको, ती कशी तयार होते ते हवंय. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

---

आकडेमोड

पाचव्या नंबरला घाबरू नका, चांगला नंबर आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: मैदानावरची किंमत आणि तुमच्या लीगमधली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉबी विट शॉर्टस्टॉपला काय अफाट फिल्डिंग करतो! तुमच्या तक्त्यात त्याला शून्य. सोटोने २०२५ मध्ये १२७ वॉक (चार बाहेरच्या बॉलवर फुकट मिळालेला पहिला बेस) घेतले. तुमच्या लीगमध्ये ऑन-बेसचा रकाना नाही, सरासरीचा आहे, त्यामुळे त्या वॉकचे थेट गुण शून्य. पुढे त्यातून रन किंवा स्टील झाली तरच फायदा. उलट उदाहरण लुईस अराएझचं. २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन वर्षं, तीन वेगवेगळ्या संघांकडून, त्याने सरासरीचं विजेतेपद मिळवलं. पण २०२४ मध्ये त्याचे होमरन किती? चार. एका रकान्यात तो तुम्हाला वर नेतो आणि बाकीचे चार रकाने दुसऱ्या कुणीतरी भरायचे.

आता तुमचा श्वार्बरचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हिशोब करून बघू.

कमिशनरकडून (लीग चालवणाऱ्याकडून) गेल्या वर्षीचा अंतिम तक्ता मागून घ्या. प्रत्येक रकान्यात एक जागा वर सरकायला सरासरी किती लागलं ते काढा. समजा तुमच्या लीगमध्ये एका जागेला ८ होमरन, ६ स्टील्स, २० आरबीआय, २० रन आणि सरासरीचे दीड पॉइंट लागतात (एक पॉइंट म्हणजे .००१). हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमचे वेगळे निघतील.

२०२५ चा श्वार्बर: .२४०, ५६ होमरन, १३२ आरबीआय, १११ रन, १० स्टील्स.
२०२५ चा रामिरेझ: .२८३, ३० होमरन, ८५ आरबीआय, १०३ रन, ४४ स्टील्स.

श्वार्बर होमरनमध्ये २६ ने पुढे, म्हणजे सव्वातीन जागा. आरबीआयमध्ये ४७ ने, सव्वादोन जागा. रन जवळजवळ सारखे, फार तर अर्धी जागा. एकूण सहा.

रामिरेझ स्टील्समध्ये ३४ ने पुढे, साडेपाच जागा. सरासरीचा हिशोब जरा वेगळा करावा लागतो, कारण ती संघात मिसळते. दोघांनाही साधारण ६०० अॅट-बॅट (वॉक न धरता बॅटिंगच्या पाळ्या) धरा. ४३ पॉइंटचा फरक म्हणजे २६ हिट्स. तुमच्या १३ बॅटरांचे मिळून मोसमात सात हजारांच्या आसपास अॅट-बॅट होतील. २६ भागिले ७००० म्हणजे संघाच्या सरासरीत पावणेचार पॉइंटची भर, म्हणजे अडीच जागा. एकूण आठ.

आठ विरुद्ध सहा. रामिरेझ पुढे, पण ऑफिसातले लोक हसावेत इतका नाही. श्वार्बर आणखी खाली जातो तो जागेमुळे. तो जवळपास फक्त डेझिग्नेटेड हिटर (फिल्डिंग न करता नुसती बॅटिंग) म्हणून खेळतो, त्यामुळे बहुतेक साइटवर युटिलिटीच्या जागेवरच बसतो, आणि ती जागा कुणीही भरू शकतो. रामिरेझ थर्ड बेसवर बसतो.

याच सूत्राने जज बघा म्हणजे त्याला एवढा भाव का ते कळेल. २०२५ मध्ये ५४१ अॅट-बॅटमध्ये १७९ हिट्स, .३३१. .२५५ चा साधा बॅटर तितक्यात १३८ हिट्स काढेल. ४१ हिट्सचा फरक म्हणजे एकट्या माणसाने संघाची सरासरी जवळजवळ सहा पॉइंटने उचलली, आणि वर ५३ होमरन. इतके होमरन मारणाऱ्याची सरासरी सहसा तुम्हाला खाली खेचते.

---

गुगली

वरच्या प्रतिसादाला +१. एवढंच सांगतो की स्टील्सचा भाव लावताना जुने लेख वाचू नका. २०२३ पासून बेस १५ इंचांचे १८ इंच झाले, पिच क्लॉक (बॉल टाकायला वेळेची मर्यादा) आलं आणि पिचरने बेसवरच्या रनरकडे बॉल फेकण्यावर मर्यादा आली. २०२२ मध्ये सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून २,४८६ बेस चोरले गेले, २०२३ मध्ये ३,५०३. त्यामुळे दहा-बारा स्टील्सवाला आता कुठेही मिळतो. चाळीसवाल्याचं मोल मात्र अजून टिकून आहे, विशेषतः तो होमरनही मारत असेल तर. नुसत्या पळणाऱ्यासाठी वरचे नंबर घालवू नका. ओनील क्रूझने २०२५ मध्ये ३८ स्टील्स केल्या, सोटोबरोबर नॅशनल लीगमध्ये संयुक्त पहिला. सरासरी? .२००.

अवांतर: रामिरेझ २०२४ मध्ये ३९ होमरन आणि ४१ स्टील्सवर अडकला. ४०-४० साठी एक होमरन हवा होता आणि क्लीव्हलंडचा शेवटचा सामना पावसाने रद्द झाला. आपल्याकडे डकवर्थ-लुईस तरी लावलं असतं. ह.घ्या.

---

सिअॅटलची माऊ

कॅल रॅलीचं नाव काढलंत म्हणून लिहितेय, नाहीतर मी नुसती वाचक.

आमच्याकडे २०२५ मध्ये सगळं गाव त्याच्यामागे वेडं झालं होतं. ६० होमरन! कॅचरचा आधीचा विक्रम ४८ चा होता, साल्वाडोर पेरेझचा, २०२१ चा. पण त्याच माणसाचं २०२४ बघा: ३४ होमरन, १०० आरबीआय, सरासरी .२२०. तेसुद्धा कॅचर म्हणून उत्तमच होतं. तुम्ही पाचव्या नंबरवर त्याला घेतलंत तर ६० चे पैसे मोजाल आणि हातात बहुधा चाळीस-पंचेचाळीस पडतील.

त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मोठी आहे. कॅचरला विश्रांतीचे दिवस फार लागतात, बाकीचे शंभर-सव्वाशे सामन्यांवर थांबतात. रॅली २०२५ मध्ये १५९ सामने खेळला, कारण कॅचरचा मास्क नसेल त्या दिवशी डेझिग्नेटेड हिटर म्हणून उतरतो. तुमच्या लीगमध्ये दोन कॅचर असते तर मी वेगळं सांगितलं असतं. एकच आहे, तर बारावा-तेरावा कॅचर इतकाही वाईट नसतो. विसाव्या नंबरपर्यंत तो तुमच्याकडे येणार नाही. सोडून द्या, मन घट्ट करा. (मला जमत नाही. माझ्या संघात तो दरवर्षी असतो.)

---

फिलीकर

आकडेमोड, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवला. कमिशनरकडे तक्ता मागितला तर तो म्हणाला, ‘कशाला हवाय?’ म्हणजे योग्य ठिकाणी हात घातलाय.

दोन शंका. एक, स्कूबल: पिचरचा हिशोब याच पद्धतीने होतो का? ऑफिसात एक जण म्हणतो की पहिल्या फेरीत पिचर घेणारा वेडा. दोन, सोटो चुकून पाचव्यावर आलाच तर?

---

आकडेमोड

पद्धत तीच. स्कूबलने २०२५ मध्ये १९५ इनिंग टाकल्या, ईआरए २.२१, स्ट्राइकआउट २४१. तुमच्या संघाच्या १३०० इनिंग धरा आणि बाकीच्यांच्या जिवावर ईआरए ३.८० येईल असं समजा. त्यातल्या १५ टक्के इनिंग स्कूबलच्या, म्हणजे तो एकटा ईआरए ३.८० वरून ३.५६ च्या आसपास आणतो. पाच-सहा दिवसांतून एकदा येणाऱ्या माणसाने हे करणं म्हणजे कमाल आहे. व्हिपलाही तेच. सेव्ह सोडून चार रकान्यांत तो देतो.

विजयांच्या रकान्यावर मात्र जीव टाकू नका. पॉल स्कीन्सचं २०२५: ईआरए १.९७, एकमताने साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), आणि विजय-पराभव १०-१०. पिट्सबर्गने त्याला रनच दिले नाहीत. २०१८ मध्ये डिग्रॉमचं मेट्समध्ये तसंच झालं होतं: १.७० आणि १०-९. विजय हा संघाचा आकडा, पिचरच्या नावावर लिहिला जातो इतकंच.

‘वेडा’ म्हणणाऱ्याचा मुद्दा कोपराचा आहे. स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट काढले. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये लोकांनी त्याच्यावर उड्या टाकल्या. दोन सामने सुरू केले आणि मोसम संपला, कोपराची शस्त्रक्रिया. स्कूबलच्याही हाताच्या दोन शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, एक कॉलेजात असताना आणि दुसरी २०२२ मध्ये. बॅटरही मोडतात हे खरं: अकुन्याने २०२३ मध्ये ४१ होमरन आणि ७३ स्टील्स करून इतिहास घडवला आणि पुढच्या मे महिन्यात गुडघा गेला. पण पिचरच्या बाबतीत मी ही भीती किमतीत आधीच धरतो. मी स्वतः पाचव्या नंबरवर बॅटर घेईन आणि विसाव्यावर जो चांगला पिचर उरेल तो.

---

गुगली

सोटोवर मी बोलतो, मेट्सचा चाहता या नात्याने दरवर्षी दुःख भोगतो, तेवढा अधिकार आहे.

२०२५: .२६३, ४३ होमरन, १०५ आरबीआय, १२० रन, ३८ स्टील्स. त्याआधी त्याने एका मोसमात १२ पेक्षा जास्त स्टील्स कधीच केल्या नव्हत्या. वेग अचानक वाढला नाही, पिचरची हालचाल वाचून योग्य क्षणी निघायचं कसं ते शिकला. ते शिकवण्यात फर्स्ट बेस कोच आंतोआन रिचर्डसनचा मोठा वाटा होता, आणि रिचर्डसन आता अटलांटाकडे गेला. शिकलेलं सगळं विसरणार नाही, पण मी २० धरून चालतो. २० धरले तरी पाचव्यावर आला तर डोळे मिटून घ्या. बाकीचे चार आकडे दरवर्षी तिथेच असतात, आणि वय अजून तिशीच्या आत.

डे ला क्रूझ हा वेगळा जुगार. २०२४ मध्ये ६७ स्टील्स आणि २१८ वेळा स्ट्राइकआउट, २०२५ मध्ये स्टील्स ३७ वर आल्या. पुन्हा साठ झाल्या तर एक रकाना जवळपास एकट्याच्या जिवावर जिंकाल. रामिरेझकडून तशी उसळी नाही, पण तो दगाही देत नाही. फक्त तो सप्टेंबरमध्ये ३४ चा होतोय, आणि पळणाऱ्या माणसाचं वय बघावंच लागतं.

---

सिअॅटलची माऊ

ओहतानी बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करतो, त्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून: तुमच्या साइटवर तो एकच खेळाडू आहे की बॅटर ओहतानी आणि पिचर ओहतानी असे दोन, ते बघून घ्या. काही ठिकाणी वेगळे धरतात. तसं असेल तर पिचर ओहतानी वेगळा ड्राफ्ट होतो, आणि नवख्या लीगमध्ये लोक त्याला विसरतात.

---

फिलीकर

बघितलं. आमच्याकडे दोन ओहतानी आहेत!

तर सध्याचा बेत: सोटो आला तर सोटो, नाहीतर रामिरेझ. विसाव्याला पिचर. एकोणतिसाव्यापर्यंत श्वार्बर उरला तर... उरणार नाही, माहितीये. आमच्या लीगमध्ये आणखी तिघे फिलीजवाले आहेत.

नियमांत ‘मोसमात किमान १००० इनिंग’ असंही लिहिलंय. त्याने काही फरक पडतो का?

---

आकडेमोड

पडतो. नऊच्या नऊ जागी रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात किंवा शेवटी येणारे पिचर) भरून ईआरए, व्हिप आणि सेव्ह लुटायची युक्ती त्यामुळे बंद होते, कारण रिलीव्हर मोसमात साठ-सत्तर इनिंगच टाकतो. किमान पाच-सहा स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) लागतीलच. कमाल मर्यादा आहे का तेही विचारा. ती असेल तर कमी इनिंगमध्ये जास्त स्ट्राइकआउट काढणारे महाग होतील, आणि स्कूबलचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.