फोरमन 1973 विरुद्ध टायसन 1988, कोण आडवा होणार?

स्लो_लोकल:
काल कल्याण स्लोच्या दारात लटकून ऑफिसच्या पोरांबरोबर जाम वाजलं, विषय बॉक्सिंगचा, जॉर्ज फोरमन भारी की माईक टायसन. मुहम्मद अलीला मुद्दाम बाहेर ठेवलाय, तो आला की सगळे अली अली करतात आणि मजा जाते. तर किंग्स्टनला जो फ्रेझरला दोन राउंडमधे सहा वेळा पाडणारा 73 चा फोरमन, आणि स्पिंक्सला 91 सेकंदांत झोपवणारा 88 चा टायसन. त्या त्या रात्री वजन दोघांचं सारखंच, 217-218 पौंड. मी टायसनवर वडापाव लावलाय, तोही पहिल्या राउंडवर. बोला.

दादर_टीटी:
टायसन. विषय संपला.

गिरणगावकर:
एवढ्यात संपवू नकोस रे बाबा. 88 साली आमच्या चाळीत स्पिंक्सच्या फाईटची कॅसेट आणली होती, व्हीसीआर भाड्याचा, पंधरा-वीस जण एका खोलीत, आणि एक जण चहा आणायला खाली गेला तो वर येईपर्यंत खेळ खल्लास. भाडं वसूल व्हावं म्हणून दहा वेळा रिवाइंड करून बघितली, म्हणून सांगतो, स्पिंक्सचा चेहरा घंटा वाजायच्या आधीच पडलेला होता. टायसनने निम्म्या फाईट अशाच जिंकल्या, समोरचा आधीच अर्धा मेलेला. फोरमन कुणाच्या बापाला घाबरला असता का? माझं मत फोरमन.

डावखुरा_परळ:
काकांशी सहमत, पण कारण वेगळं. मी चार वर्षं क्लबात खेळलो, उंची पाच फूट सहा. एकदा सहा फुटी पोराबरोबर स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभा केला, त्याने डावा ग्लोव्ह सरळ माझ्या कपाळावर टेकवला आणि मी आत घुसायला गेलो की ढकलायचा. पाय मागे गेले की माझ्या ठोशात काही जीवच नाही, आणि तेवढ्यात खालून उजवा यायचा. सर बाहेरून ओरडतायत बाजूने जा, बाजूने जा, अरे जाऊ कसा! फोरमन नेमकं हेच करायचा, दोन्ही हातांनी ढकलून समोरच्याला आपल्याला हव्या त्या अंतरावर उभा करायचा आणि मग अपरकट, खालून वर हनुवटीवर ठोसा. फ्रेझर तोवर एकही फाईट हरला नव्हता, त्याचं काय झालं बघा. टायसन पाच फूट दहा, फोरमन सहा फूट तीन, वर हातही लांब. बुटका आणि सरळ पुढे येणारा म्हणजे फोरमनला आयतं ताट वाढलेलं.

स्लो_लोकल:
दादा पण टायसन सरळ येतो कुठे? फ्रेझर एका तालात डोलत यायचा आणि त्याला गरम व्हायला दोन-तीन राउंड लागायचे. टायसन घंटेपासूनच सुरू, डोकं डावी-उजवीकडे, ठोसा मारला की जागा बदलली. आणि फ्रेझर म्हणाल तर बापाला फोरमनने पाडला, पोराला, मार्व्हिसला, टायसनने 30 सेकंदांत. हिशोब बरोबर.

डावखुरा_परळ:
मार्व्हिस आणि जो यांची तुलना करतोयस, कमाल आहे. पण डोक्याच्या हालचालीचा मुद्दा मान्य, तिथे फोरमनला त्रास होणार, त्याचे ठोसे लांबून फिरून येतात. माझं म्हणणं एवढंच की तो पहिला धक्का खाल्ल्यावर टायसन काय करतो ते बघायचं. 90 ला टोकियोत टायसनला हरवणाऱ्या डग्लसने जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, मारमारून लांब ठेवला तेव्हा आत जायचा दुसरा रस्ता सापडला नाही.

गिरणगावकर:
डग्लस 90 चा, प्रश्न 88 चा आहे. तेव्हा टायसनच्या कोपऱ्यात त्याचा ट्रेनर रूनी होता, टोकियोत नव्हता. मी फोरमनवाला असून सांगतोय. आणि पाच राउंडच्या पुढे गेली तर मी पण पलटी मारीन, किन्शासाला अलीने दोरांवर रेलून फोरमनचा दम काढला आणि आठव्यात पाडला ते विसरलेलो नाही.

दादर_टीटी:
टायसन तरी कुठे लांब खेळलाय, बोनक्रशर स्मिथने मिठ्या मारून मारून 12 राउंड काढले की. तरी टायसन.

स्लो_लोकल:
तो कपाळावरचा ग्लोव्ह डोक्यातून जात नाहीये राव. टायसनच, पण चौथा राउंड. पहिल्या राउंडचा वडापाव मागे घेतोय, पोरांना सांगू नका.