तोफा एस्टोनियाच्या, सही बर्लिनची

कुणीतरी म्हटलंय की ज्या देशाकडे तोफा आहेत त्याने युक्रेनला द्याव्यात, जर्मनीला कशाला विचारायचं. अहो पण शस्त्रं पुढे तिसऱ्या देशाला द्यायची तर विकणाऱ्याची परवानगी घ्यायची, अशी विक्रीच्या करारातच अट असते ना! एस्टोनियाच्या डी-३० तोफाच बघा, सोव्हिएत बनावटीच्या, आधी पूर्व जर्मनीकडे, एकीकरणानंतर जर्मनीने दिल्या फिनलंडला, तिथून एस्टोनिया, आणि तरी युक्रेनला द्यायच्या तर बर्लिनची सही हवीच. जानेवारी २०२२ मध्ये जर्मनी अडून बसली, स्वतः देऊ केली ती ५००० हेल्मेट, तेव्हा कीवचे महापौर क्लिच्को म्हणाले पुढे काय उशा पाठवणार का (बरोबरच आहे म्हणा). २४ फेब्रुवारीला हल्ला झाला आणि २६ला लगेच परवानगी, वर स्वतःची १००० रणगाडाविरोधी शस्त्रं आणि ५०० स्टिंगर (खांद्यावरून डागायची विमानविरोधी क्षेपणास्त्रं) पण. जर्मन बनावटीच्या लेपर्ड रणगाड्यांच्या परवानगीला मात्र जानेवारी २०२३ उजाडला.