थकव्याच्या आजारात अजून किती तपासण्या करत राहायचं?

संथवाट :
दीड वर्ष झालं. साधा ताप आला, आठवड्यात उतरला, थकवा मात्र तसाच राहिला. केस विंचरताना हात वर धरवत नाहीत, निम्म्यात कंगवा खाली ठेवते. आजवर चार डॉक्टर झाले. फाइल जाडजूड झाली आणि प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका, रोज चाला' म्हणून सांगितलं. चालले. त्या दिवशी बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जी आडवी झाले ती तीन दिवस उठले नाही.

माझं मत स्पष्ट आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणजे एमई/सीएफएस निश्चित दाखवणारी रक्ततपासणी अजून कुठेच नाही. मग सुया टोचून घेणं थांबवावं आणि अंगात उरलेलं बळ ऐकून घेणारा एक डॉक्टर शोधण्यात लावावं. तुम्हाला काय वाटतं?

लंबक :
अजिबात पटलं नाही. माझ्या भावाला दोन वर्षं हेच नाव चिकटवलं होतं. शेवटी स्लीप स्टडी केली तर झोपेत श्वास अडकत होता. मशीन लावून झोपायला लागल्यावर दोन महिन्यांत माणूस कामावर गेला. तुमच्या फाइलमध्ये फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, आहे का? की हिमोग्लोबिन बघूनच 'नॉर्मल' म्हटलंय? थायरॉइड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कॅल्शियम, सीके (स्नायूंना इजा आहे का ते), सीलिअॅकची (गव्हाने आतडं बिघडण्याच्या आजाराची) तपासणी? एकदा का थकव्याच्या आजाराचा शिक्का बसला की पुढे कोणी बघत नाही, हे मी घरात पाहिलंय.

संथवाट :
फेरिटिनसकट ही सगळी झालीत. स्लीप स्टडी नाही झाली, ते मान्य.

निळीशाई :
मी फिजिशियन आहे. लंबक यांची यादी योग्य आहे, पण ती एकदा नीट करायची असते, दर तीन महिन्यांनी नव्हे. आणि 'सगळं नॉर्मल आलं म्हणून हा आजार' हे निदानच नव्हे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निकष मांडले : सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता खूप घटलेली, श्रमानंतर तब्येत ढासळणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि सोबत स्मरण-एकाग्रतेचा त्रास किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास यांपैकी एक. म्हणजे हे निदान पेशंटला विचारून होतं. ढासळणं बहुतेकदा १२ ते ४८ तासांनी येतं, म्हणून डॉक्टरसमोर बसलेला पेशंट ठीक दिसतो.

एक तपासणी मात्र राहून जाते, तिला पैसाही लागत नाही. आडवं असताना नाडी आणि बीपी मोजायचं, मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं राहून पुन्हा मोजायचं. प्रौढ माणसाचं बीपी न पडता नाडी ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो, आणि त्यावर उपचार आहेत. करताना सोबत कोणी तरी असू द्या, चक्कर येऊ शकते.

उगवतीवारा :
एवढं किचकट कशाला? मलाही फ्लूनंतर महिनाभर असंच होतं. रोज पाच मिनिटं चालणं वाढवलं, बरी झाले. मनाने खचलं की शरीरही साथ देत नाही.

निळीशाई :
तुम्ही बऱ्या झालात याचा आनंद आहे, पण फ्लूनंतरचा महिनाभराचा अशक्तपणा वेगळा. ब्रिटनच्या, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपाय या आजारासाठी देऊ नये असं स्पष्ट केलं. चालून तीन दिवस आडव्या झालेल्या बाईंना हा सल्ला देऊ नका, कळकळीने सांगतो.

लंबक :
व्यायामाबाबत सहमत. पण डॉक्टर, असा ऐकणारा माणूस भेटणार कुठे? न्यूरॉलॉजिस्ट ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (सांधेदुखीच्या डॉक्टरकडे) पाठवतो, तो मानसोपचाराकडे. त्यापेक्षा रिपोर्ट तरी खोटं बोलत नाही.

निळीशाई :
हा आजार कुठल्याच एका शाखेचा धरला जात नाही, हे दुखणं खरं आहे. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा : 'श्रमानंतर दोन दिवसांनी कोसळणारे पेशंट डॉक्टर बघतात का?' उत्तर चाचपडत आलं तर पुढचा नंबर लावा.

संथवाट :
आज एका कागदावर लिहून काढलं. सोमवारी डोक्यावरून अंघोळ आणि वीस मिनिटं फोन. मंगळवार दुपारपासून गुरुवारपर्यंत पडून, प्रकाश सहन होईना. अशा पाच नोंदी झाल्या. जाड फाइल घरी ठेवून हा एकच कागद पुढच्या डॉक्टरसमोर ठेवणार आहे. नाडीही मोजते, बहीण येणार आहे. लंबकदादा, स्लीप स्टडी करून घेते, ते तुमचं खरंच पटलं. त्यानंतर मात्र नवं लक्षण दिसल्याशिवाय सुई नाही.