इंटरप्ट = व्यत्यय? (पोरगी म्हणते मग काढून टाका)

गवतीचहा: लिनक्स कर्नलसाठी (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वात आतला भाग) एक नवा सीरियल पोर्ट ड्रायव्हर (एकामागून एक बिट नेणारी जोडणी चालवणारा प्रोग्रॅम) आलाय, त्याचा रिव्ह्यू करतोय. ड्रायव्हर माझा नाही, मी फक्त शेरे मारणारा. त्याच शेऱ्यांवरून कॉलेजच्या पोरांसाठी मराठीत एक टिपण करायला घेतलं आणि तिथे अडलो. शेरा असा, की इंटरप्ट, म्हणजे 'इकडे बघ' अशी चिपने प्रोसेसरला मारलेली हाक, आल्यावर हँडलर (त्या हाकेला धावणारा कोड) एकच बाइट उचलतो नि परत जातो, फिफोत (आलेले बाइट रांगेने साठवणाऱ्या भांड्यात) बाकीचे तसेच पडून. १६५५०ए चिपची फिफो १६ बाइटची, ११५२०० बॉडच्या वेगाला साधारण ८७ मायक्रोसेकंदाला एक बाइट येतो, म्हणजे दीड मिलिसेकंदाच्या आत भांडं भरतं आणि पुढचे बाइट वाया. आता इंटरप्टला मी 'व्यत्यय' लिहिलं होतं. एक विद्यार्थिनी म्हणाली, सर, व्यत्यय येतोय तर तो काढून टाकायला नको का? काय सांगू तिला?

बोरूबहाद्दर: शब्दात काही चूक नाही. प्रोसेसर बिचारा आपलं काम करत बसलाय, कुणीतरी मधेच येऊन खांदा हलवतं, त्याच्या बाजूने तो व्यत्ययच. इंग्रजी शब्द तरी कुठे कौतुकाचा आहे.

ठाणेकर_७१: व्यत्यय म्हटलं की मला दूरदर्शनची पाटीच दिसते. ऐन सामन्यात यायची. तेव्हापासून या शब्दाशी माझं वाकडं आहे.

वैयाकरण_आजोबा: मुळात व्यत्यय म्हणजे अडथळा नव्हेच. वि + अति + इ, उलटापालट, अदलाबदल. पाणिनीचं सूत्रच आहे, 'व्यत्ययो बहुलम्'. भाषाशास्त्रात आजही नुकसानचं नुस्कान झालं की त्याला वर्णव्यत्यय म्हणतात, तिथे कोण कुणाला अडवतंय? अडथळा हा अर्थ नंतर चिकटला.

गवतीचहा: आजोबा, हे भारी आहे, पण पोरांना पाणिनी सांगत बसलो तर फिफो भरेल.

डबल_कुकर: मी शिकवताना सरळ 'शिट्टी' म्हणते. पोलिंग म्हणजे दर मिनिटाला झाकण उघडून डाळ शिजली का बघणं, इंटरप्ट म्हणजे कुकरची शिट्टी, तोवर तुम्ही कोथिंबीर निवडा. आणि त्या चिपला सांगता येतंच ना की किती बाइट जमल्यावर हाक मारायची, १, ४, ८ किंवा १४? तीन शिट्ट्यांनी गॅस बंद कर सांगतो तसंच की. तुमचा हँडलर शिट्टी ऐकून धावत येतो, एक दाणा काढतो नि परत कोथिंबिरीकडे!

बोरूबहाद्दर: शिट्टी?? परिभाषा म्हणजे काय स्वयंपाकघर आहे का. सावरकरांनी महापौर दिला, तो आज सगळे वापरतात, घडवायचे कष्ट घ्या जरा. असंच चाललं तर उद्या कर्नलला काय म्हणाल?

मालवणी_मेवा: काजूगर. मस्करी नाही करत. कॅश्यू कर्नल म्हणजे काजूगरच, आमच्याकडे लहान पोरालापण ठाऊक. टरफल म्हणजे शेल (कर्नलभोवतीचा, आपले हुकूम घेणारा प्रोग्रॅम), आत गर म्हणजे कर्नल, ज्याने ही नावं ठेवली त्याच्याही डोक्यात बी आणि टरफलच असणार. कर्नलला तुम्ही म्हणता तो 'गाभा' केळीचा असतो.

बोरूबहाद्दर: गर फणसालाही असतो, आंब्यालाही. गाभा म्हणजे सर्वात आतला भाग, जिथे दुसरं कुणी पोचत नाही. गाभारा आठवा.

मालवणी_मेवा: फणसाच्या गराच्या आत आठळी असते ती विसरलात काय? मग आठळी म्हणा कर्नलला!

ठाणेकर_७१: विदर्भात बिब्ब्याच्या आतल्या गराला गोडंबी म्हणतात. लिनक्स गोडंबी. थंडीत लाडवात घाला.

गवतीचहा: मंडळी, इंटरप्ट. शिवाय दुसरा शेरा आहेच, start_tx चं, म्हणजे बाइट पाठवणं सुरू करणारं फंक्शन, ते स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक, दुसरा तिथेच घिरट्या घालत थांबतो) धरलेला असतानाच बोलावलं जातं आणि या ड्रायव्हरवाल्या गड्याने तिथे स्लीप (प्रोसेसर सोडून झोपी जाणं) घातलीय. 'कुलूप हातात असताना झोपू नये' असं लिहिलं तर वर्ग हसला.

डबल_कुकर: हसला म्हणजे लक्षात राहणार, तसंच ठेव. बाथरूमची कडी लावून आत झोपलेला पाहुणा आणि बाहेर रांग, माझ्या सासरी दर गणपतीला होतं.

वैयाकरण_आजोबा: लॉकला कुलूप नको, तिथे कडीच योग्य. कुलूप बाहेरून, कडी आतून. स्पिनलॉकवाला बाहेर दार ठोठावत उभा असतो ना?

गवतीचहा: असतो, तो जागचा हलतही नाही. कडी घेतली. इंटरप्टचं?

बोरूबहाद्दर: व्यत्यय. मी हलणार नाही.

मालवणी_मेवा: हाळी?

ठाणेकर_७१: आजोबा, तो वर्णव्यत्यय म्हणजे आमचा दुरुस्तीवाला 'हार्डडिक्स' म्हणतो तेच का? आणि शाळेत आम्ही सगळे 'डेक्स' म्हणायचो.

वैयाकरण_आजोबा: अगदी तेच! डेस्कचं डेक्स हे तर उत्तम उदाहरण. यावर वेगळा धागा काढा, माझ्याकडे दोन वह्या भरून आहेत.