आयरिश भाषेतील ‘बो’ म्हणजे गाय : रूपे आणि मूळ

प्रश्न (देवगड)
माझा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे परगण्यातल्या एका बेटाच्या पाटीचे छायाचित्र त्याने पाठवले. बेटाचे आयरिश नाव ‘इनिश बो फिन्ये’, म्हणजे पांढऱ्या गाईचे बेट. कोशात पाहिले तर गाय म्हणजे ‘बो’, पण अनेकवचन ‘बा’. शिवाय बोलताना तोच शब्द कुठे ‘वो’, तर कुठे ‘मो’ असा ऐकू येतो. असे का होते? आमच्या गोठ्यातल्या गाईशी या शब्दाचे काही नाते आहे का?

उत्तर (रत्नागिरी)
मराठीत नाम शेवटाकडे बदलते : गाय, गाईला, गाईंचा. आयरिशमध्ये नामाचे पहिले व्यंजनही बदलते. ‘बो’ स्त्रीलिंगी असल्यामुळे, ठरावीक गाय दाखवणारे ‘अन्’ हे उपपद आधी आले की प्रथमेत ‘ब’ मऊ होऊन ‘अन् वो’ होते. षष्ठीत ‘न बो’, म्हणजे गाईचे; अनेकवचनी प्रथमेत ‘न बा’, म्हणजे गाई; आणि ‘गाईंचे’ म्हणायचे तर ‘न मो’. लिहिताना मात्र मूळ ‘ब’ पुसत नाहीत : ‘वो’साठी ‘ब’च्या पुढे ‘ह’ लिहितात, ‘मो’साठी ‘ब’च्या आधी ‘म’ लिहून ‘ब’ अनुच्चारित ठेवतात. ही पद्धत मला फार आवडते, कारण उच्चार कितीही बदलला तरी वाचणाऱ्याला मूळ शब्द डोळ्यांसमोर दिसतो.

उत्तर (मालवण)
गाईच्या हंबरण्यावरूनच ‘बो’ पडला असावा, असे मला वाटते.

उत्तर (रत्नागिरी)
तसे नाही. आदि-इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत आणि आयरिश या दोन्हींच्या समान पूर्वज भाषेत, ओठ गोल करून उच्चारला जाणारा एक ‘ग’ होता. आयरिश ज्या गटात येते त्या केल्टिक भाषांत त्याचा ‘ब’ झाला, संस्कृतात ‘ग’ राहिला किंवा इ-एसारख्या स्वरापूर्वी ‘ज’ झाला. म्हणून तिकडे ‘बो’ आणि इकडे ‘गो’. तिकडे ‘ब्यो’, म्हणजे जिवंत, आणि इकडे ‘जीव’. आपली ‘गाय’ प्राकृतातून त्याच ‘गो’च्या कुळातून आली आहे आणि ‘गोठा’ही ‘गोष्ठ’मधून, तेव्हा देवगडच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, सख्खे नाते’ असेच आहे.

उत्तर (गुहागर)
यात ‘बुअखिल’ची भर घालतो. त्याचा मूळ अर्थ आपल्या ‘गुराखी’सारखाच, गाई राखणारा. पुढे त्याचा अर्थ नुसता ‘मुलगा’ असा झाला आणि त्यातली गाय बोलणाऱ्यांच्या ध्यानातून गेली. म्हणून आता घोड्यावरून गुरे हाकणाऱ्यासाठी ‘बुअखिल बो’ असे म्हणताना गाय पुन्हा जोडावी लागते.