मदत हवी आहे: आईच्या अँटिबायोटिक अजून महिनाभर बंद करता येणार नाहीत आणि यीस्ट (बुरशी) वाढलंय, काय करू?

नमस्कार मंडळी, मोठं लिहितेय त्याबद्दल माफी, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

आई ६१ वर्षांची, शुगर १४ वर्षांपासून. गाव निफाड तालुक्यात, सध्या माझ्याकडे इंदिरानगरला आणलंय. दिवाळीनंतर बागेत पायाला तारेचं टोक लागलं, पायाला बधिरपणा असल्याने तिला कळलंच नाही, आणि अंगठा टम्म सुजून लाल-काळा झाला तेव्हा एमआरआय केला तर इन्फेक्शन हाडापर्यंत गेलेलं. ऑपरेशन करून खराब भाग काढला, अंगठा वाचला. हाडाचा तुकडा कल्चरला पाठवला होता त्यावरून औषधं ठरली, आधी दोन आठवडे शिरेतून दिली आणि आता दहा दिवस झाले घरी क्लिंडामायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन चालू आहे, एकूण सहा ते आठ आठवडे घ्यायचीत. डॉक्टरांनी बजावलंय की हाडापर्यंत औषध पोचायला वेळ लागतो, मध्ये एक डोससुद्धा चुकवायचा नाही. त्यामुळे "अँटिबायोटिक बंद करा" हा सल्ला कृपया देऊ नका, पायाचा प्रश्न आहे.

आता त्रास. आधी तोंड आलं असं वाटलं. मग बघितलं तर जिभेवर आणि गालाच्या आतून पांढरे थर, कापसाने पुसले की खाली लालबुंद, थोडं रक्तही आलं. वरणभातातलं मीठसुद्धा झोंबतं म्हणते. वरची कवळी आहे, तिच्याखाली टाळू पूर्ण लाल. म्हणलं इतकंच असेल, पण ती सारखी बाथरूमला जायची आणि बसताना अवघडल्यासारखी बसायची, विचारलं तर काही नाही काही नाही. परवा रात्री रडायलाच लागली तेव्हा सांगितलं की जांघेत आणि खाली भयंकर खाज आहे, लघवीला जळजळ, दह्यासारखं पांढरं जातंय, आठ दिवस झाले. आठ दिवस! अवघड जागेचं दुखणं, जावयाच्या घरात राहून कसं सांगायचं म्हणून बिचारी गप्प बसली होती. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

माझ्या दोन चुका झाल्यात त्याही सांगते. खाजेसाठी मेडिकलमधून विचारून एक क्रीम आणलं, दोन दिवस एकदम बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट पसरलं. ट्यूबवर बारीक अक्षरात वाचलं तर बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक पण होतं. दुसरं म्हणजे व्हिडिओ बघून भाकरी, फळं, दूध सगळं बंद केलं, यीस्टला साखर मिळू द्यायची नाही म्हणून. काल दुपारी तिला दरदरून घाम, हात थरथरायला लागले, मीटरवर ५८. साखरेचं पाणी दिलं तेव्हा जीवात जीव आला. ग्लिमेपिराइड चालू असताना जेवण कमी करायचं नसतं हे मला कळायला हवं होतं. शुगरला ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन आहे.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले लाँग कोर्समध्ये हे होतंच, पुढच्या व्हिजिटला बघू, ती आठ दिवसांनी आहे. नणंद म्हणते टाकणखाराची लाही मधात लाव, शेजारच्या काकू म्हणतात तुरटीच्या पाण्याने धू, कुणी बुरशीवरची फ्लुकोनाझोलची १५० ची गोळी दे म्हणतंय, ती आणून ठेवलीये पण दिलेली नाही. अण्णा (वडील) बागेवर आहेत, माल उतरायचा सीझन तोंडावर, फोनवर म्हणतात "भुरी आलीये तिच्या तोंडात, नीट औषध धरा, अर्धवट फवारणी केली की परत येते." भुरी म्हणजे बागेत पिकावर येणारी पांढरी बुरशी. त्यांचं ऐकून वाटलं की ते बरोबरच बोलतायत, पण औषध कुठलं आणि कसं?

१. गोळी द्यावी का? २. दही, प्रोबायोटिकचा उपयोग होतो का? ३. नाशिकमध्ये कुठल्या डॉक्टरकडे जावं, स्किन, गायनॅक की शुगरवाले?

प्रतिसाद १

ताई, गोळी तुम्ही दिली नाहीत ते फार चांगलं केलंत. मी मेडिकलवर बरीच वर्षं बसतो म्हणून सांगतो. फ्लुकोनाझोलने ग्लिमेपिराइड शरीरात जास्त वेळ राहतं आणि शुगर खाली येते, सिप्रोनेही काही पेशंटची येते. काल ५८ झालीच आहे, त्यात ही गोळी पडली असती तर रात्री झोपेत काय झालं असतं विचार करा. शिवाय सिप्रो आणि फ्लुकोनाझोल दोन्हीचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, डॉक्टर कधीकधी आधी ईसीजी काढून बघतात. म्हणजे ही गोळी द्यायचीच नाही असं नाही, पण सगळ्या औषधांची यादी समोर ठेवून डॉक्टरांनी द्यायची. रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तेही सांगा.

आणि ते क्रीम आजच बंद. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते पण बुरशीला रान मोकळं मिळतं.

प्रतिसाद २

माझ्या सासूबाईंना अगदी हेच झालं होतं, खालचा त्रास. तीन वेळा क्रीम, गोळ्या झाल्या, परत यायचंच. शेवटी शुगरच्या डॉक्टरांनी पकडलं की डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. ते औषध साखर लघवीतून बाहेर टाकतं, म्हणजे त्या जागी सतत साखरेचं पाणी, यीस्टला अजून काय पाहिजे. जननेंद्रियाचं फंगल इन्फेक्शन हा त्याचा माहिती असलेला साइड इफेक्ट आहे. तुमच्या आईला तर अँटिबायोटिक, शुगर आणि हे औषध असं तिन्ही एकत्र आलंय. स्वतःहून बंद करू नका पण उद्याच शुगरवाल्यांना फोन करा, आठ दिवस थांबू नका. आधी त्यांच्याकडे जा, तिथून ते गायनॅककडे पाठवतील. लेडी डॉक्टर असेल असं बघा, आई मोकळेपणाने बोलतील. आणि ताई रडू नका, आमच्या सासूबाईंनी दोन महिने लपवलं होतं.

प्रतिसाद ३

दह्याबद्दल. जेवणात दही खाऊ दे, छानच आहे, पण सिप्रोच्या गोळीबरोबर दही, दूध नको, कॅल्शियममुळे गोळी नीट शोषली जात नाही आणि हाडापर्यंत औषध पोचवायचंय तेच कमी पडेल. कॅल्शियमची किंवा ॲसिडिटीची गोळी असेल तर सिप्रो तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

मात्र दही, प्रोबायोटिकने यीस्ट थांबेल ही आशा ठेवू नका. २००४ साली ऑस्ट्रेलियात अँटिबायोटिक घेणाऱ्या बायकांना लॅक्टोबॅसिलस देऊन बघितलं होतं, पोटातून आणि योनीतूनही, नंतरचं यीस्ट इन्फेक्शन काही टळलं नाही. आणि एक, सॅकरोमायसिस बोलार्डीच्या पुड्या मिळतात त्या जुलाबासाठी देतात, पण ते स्वतःच एक यीस्ट आहे, बुरशीच्या गोळीबरोबर घेऊन उपयोग नाही आणि शिरेत नळी असलेल्या पेशंटला तर देतच नाहीत. विचारल्याशिवाय नको.

तुरटी, मध, लसूण काही लावू नका, आधीच सोललेली जागा आहे.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दीड वाजेपर्यंत वाचत बसले होते. सकाळीच शुगरच्या डॉक्टरांकडे गेलो. डापाग्लिफ्लोझिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही थांबवलं, पायाची जखम भरेपर्यंत इन्सुलिन. इन्सुलिनचं नाव काढलं की आई घाबरायची, पण आज स्वतःच म्हणाली खाज थांबणार असेल तर दहा सुया टोच. त्यांनीच गायनॅकच्या मॅडमना फोन लावून दिला. मॅडमनी स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं, यीस्टच आहे, जांघेतही तेच. म्हणाल्या चट्टा लाल-चकचकीत आणि कडेला बारीक बारीक पुळ्या म्हणजे बहुतेक कॅन्डिडा (हेच यीस्ट), गजकर्ण असेल तर कड उचललेली आणि मधे साफ दिसतं.

गोळी तूर्तास नाही, क्लोट्रिमॅझोल आत ठेवायच्या गोळ्या सात रात्री, जांघेत साधं क्लोट्रिमॅझोल क्रीम, तोंडाला त्याचाच माउथ पेंट. यावर आटोक्यात नाही आलं तर ईसीजी काढून मग फ्लुकोनाझोल.

प्रतिसाद ४

कवळी विसरू नका! पेंट लावायच्या आधी कवळी काढा, रात्री तर काढूनच झोपायचं, ब्रशने घासून पाण्यात ठेवायची. नुसतं तोंडाला औषध लावलं आणि तीच कवळी परत घातली तर बुरशी परत तिथूनच येते. जांघेत धुतल्यावर टॉवेलने टिपून पूर्ण कोरडं करून मगच क्रीम, कपडे सुती आणि सैल, साबण, डेटॉल काही नको.

आणखी एक लक्षात ठेवा, क्लिंडामायसिनवर दिवसात तीनपेक्षा जास्त पाण्यासारखे जुलाब झाले तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा, जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने देऊ नका. गिळताना छातीत दुखलं किंवा ताप आला तरी लगेच.

मूळ लेखिका, नवव्या दिवशी

अपडेट देते. खाज चौथ्या दिवसापासून कमी झाली, आता जवळजवळ नाही. तोंडातले थर गेलेत, टाळू अजून लालसर आहे, पेंट पूर्ण कोर्स करायचाय. शुगर सकाळची १३० च्या आसपास. अँटिबायोटिकचा एकही डोस चुकलेला नाही, जखम भरतेय. भाकरी, डाळ, अंडं सगळं परत चालू केलंय, जखमेला प्रोटीन लागतं असं डॉक्टर म्हणाले. अण्णांना सांगितलं की फ्लुकोनाझोल आणि तुमचं बागेतलं हेक्झाकोनाझोल ट्रायझोल या बुरशीनाशकांच्या एकाच घराण्यातलं आहे, तर लगेच म्हणाले "मग सारखं सारखं तेच मारू नका, भुरीला सवय लागते." मॅडमनाही सांगितलं हे, त्या म्हणाल्या अगदी बरोबर.

आता एकच विचारायचंय. आईची कवळी नऊ वर्षांची आहे, सैल झालीये आणि बारीक चिरा पडल्यात. डेंटिस्ट म्हणतात बदला, पण अँटिबायोटिक अजून तीन आठवडे आहेत आणि हिरड्या दुखऱ्या. आत्ताच माप द्यावं की तोंड पूर्ण बरं होईपर्यंत थांबावं? कुणी शुगर असताना नवी कवळी केली असेल तर प्लीज सांगा.