दया आणि विनंती
‘कॅथलिक लोक संतांची पूजा करतात’ असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. संतांची लितानी, म्हणजे एकेक नाव घेत सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, एकदा नीट ऐका. देवाचं नाव आलं की लोक ‘आमच्यावर दया कर’ म्हणतात. पेत्र, फ्रान्सिस अशा संतांची नावं आली की ‘आमच्यासाठी विनंती कर’. सगळा फरक तिथेच आहे! आजारपणात आपण मैत्रिणीला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ सांगतो ना, तसंच. फक्त ही मैत्रीण देवाजवळ पोचलेली.

आणि चर्च कुणाला संत ‘बनवत’ नाही, ती व्यक्ती स्वर्गात आहे एवढं जाहीर करतं. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या, संतपद जाहीर झालं २०१६ मध्ये. ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत, अशा संतांसाठीही १ नोव्हेंबरचा ‘सर्व संतांचा सण’ आहे. मला तोच सण सगळ्यात जवळचा वाटतो.